कॅरमचे गुण मोजायची टोकनं घरीच कशी बनवायची?

डाव रंगात आला की ‘आमचे १९ झाले’, ‘छे, १७च!’ हा वाद ठरलेला. कागदावर आकडे लिहिणारा एकच असतो आणि बाकीच्यांना त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो. टोकनं समोर मांडलेली असली की दोन्ही बाजूंचे गुण सगळ्यांना दिसतात. त्यासाठी पुठ्ठा, कात्री आणि थोडं गणित पुरतं.

आधी नियम पाहू

स्पर्धेच्या नियमांप्रमाणे एक गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असतो, जे आधी होईल ते. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण मिळतो. राणीही त्यानेच घेऊन कव्हर केली असेल, तर आणखी ३.

टोकनं किती लागतात?

नुसती १ ची टोकनं केली, तर प्रत्येक बाजूला २४ लागतील आणि ढीग मोजण्यातच वेळ जाईल. १ आणि ५ असे दोन प्रकार केले, तर प्रत्येकी ४ पुरतात. पाचाची चार म्हणजे २०, एकाची चार म्हणजे ४, झाले २४. पंचविसावा गुण मिळाला की गेमच संपतो. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून १६ टोकनं बास.

कशी बनवायची?

१. ड्रॉइंगबुकच्या मागचा घट्ट पुठ्ठा घ्या. खोक्याचा पोकळ पुठ्ठा कापताना दबतो. ए-४ आकाराचा एक तुकडा पुरेल.

२. १ साठी ४ × ४ सेंमीचे ८ चौकोन आणि ५ साठी ४ × ६ सेंमीचे ८ आयत कापा. गोल आकार सुबक कापणं अवघड जातं.

३. आकड्याऐवजी फाशावर असतात तसे ठसठशीत ठिपके काढा. घाईत लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात, शिवाय समोर बसलेल्याला आकडा उलटा दिसतो.

४. रंग हवा तर द्या, पण फक्त रंगावर विसंबू नका. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. आकार वेगळा असला की अडचण येत नाही.

५. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे पावडर आणि घामाने ठिपके पुसले जाणार नाहीत.

घरात ३ वर्षांखालचं मूल असेल, तर टोकनं यापेक्षा लहान करू नका. पुठ्ठा चघळला की त्याचे तुकडे पडतात, म्हणून खेळ संपल्यावर टोकनं डब्यात बंद करा.

हिशोब कसा ठेवायचा?

सगळी टोकनं एका सामाईक गल्ल्यात ठेवा. समजा, तुमच्याकडे ३ गुण आहेत आणि तुम्ही ९ मिळवलेत. पाचाची दोन घ्या आणि एकाचं एक परत करा, झाले १२. ही देवाणघेवाण सर्वांसमोर आणि पुढचा बोर्ड सुरू व्हायच्या आधी करा.

याचा खरा उपयोग शेवटी कळतो. २२ गुण झाले की त्या बाजूला राणीचे ३ गुण मिळत नाहीत. पाचाची चार आणि एकाची दोन टोकनं समोर दिसली की हा नियम लागू झाला, हे कुणाला विचारावं लागत नाही.

इतर खेळांसाठी

गेम ५० गुणांचा असेल, तर प्रत्येक खेळाडूमागे १ ची चार, ५ चं एक आणि १० ची चार अशी ९ टोकनं धरा. ४९ पर्यंतचा कुठलाही आकडा मांडता येतो. ज्या खेळात गुण लपवायचे असतात, तिथे मात्र सगळी टोकनं एकाच आकाराची करा आणि ठिपके एकाच बाजूला काढा.