रेक्विएम फॉर द बिग ईस्ट

'रेक्विएम फॉर द बिग ईस्ट' हा एझ्रा एडलमन यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन क्रीडा माहितीपट होय. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या 'थर्टी फॉर थर्टी' या मालिकेत तो मार्च २०१४ मध्ये प्रथम प्रक्षेपित झाला. अमेरिकेच्या ईशान्य भागातील महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांची 'बिग ईस्ट कॉन्फरन्स' १९७९ साली कशी उभी राहिली, १९८० च्या दशकात ती कोणत्या शिखरावर पोहोचली आणि २०१३ मध्ये ती कशी दुभंगली, हा त्याचा विषय आहे. 'रेक्विएम' म्हणजे ख्रिस्ती परंपरेत मृताच्या सद्गतीसाठी केली जाणारी प्रार्थना. ज्या संस्थांनी ही संघटना घडविली त्यांतील बहुसंख्य कॅथलिक असल्याने हे शीर्षक विशेष समर्पक ठरते.

कॉन्फरन्स म्हणजे काय

येथे कॉन्फरन्स या शब्दाचा परिषद किंवा परिसंवाद असा अर्थ नाही. अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे खेळांसाठी आपापसांत गट करतात. गटातील संघ दर हंगामात एकमेकांशी ठरलेले सामने खेळतात, हंगामाअखेर गटाची स्पर्धा होते आणि तिच्या विजेत्यास राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणहक्कही हा गटच एकत्रितपणे विकतो व उत्पन्न सदस्यांत वाटतो. संघटना टिकण्याचे आणि मोडण्याचेही कारण बहुधा या शेवटच्या बाबीत असते.

स्थापना

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, म्हणजे ईशान्येतच झाला. तरीही १९७० च्या दशकाअखेरपर्यंत त्या भागातील बहुतेक महाविद्यालये कोणत्याही भक्कम गटात नव्हती. प्रॉव्हिडन्स कॉलेजचे प्रशिक्षक व क्रीडासंचालक डेव्ह गॅव्हिट यांनी ही उणीव हेरली. त्यांचा हिशेब साधा होता. बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा महानगरांतील एकेक संघ एकत्र आणला, तर देशातील फार मोठा प्रेक्षकवर्ग एकाच संघटनेच्या हाती येतो. प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, जॉर्जटाउन, सिरॅक्यूज, सीटन हॉल, कनेटिकट आणि बॉस्टन कॉलेज हे सात संघ प्रारंभी एकत्र आले. १९८० मध्ये फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हा आणि १९८२ मध्ये पिट्सबर्ग त्यांत सामील झाले.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, कनेटिकट राज्यातील ब्रिस्टल येथून ईएसपीएन ही वाहिनी सुरू झाली. चोवीस तास खेळ दाखवायचा निर्धार केलेल्या या वाहिनीस सामने हवे होते आणि नव्या संघटनेस प्रेक्षक. दोघांची भरभराट बरोबरीनेच झाली.

सुवर्णकाळ

माहितीपटाचा मुख्य भर १९८० च्या दशकावर आहे. या काळात खेळाडूंइतकेच प्रशिक्षकही लोकांच्या ओळखीचे झाले. जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन, सिरॅक्यूजचे जिम बेहाइम, सेंट जॉन्सचे लू कार्नेसेका आणि व्हिलानोव्हाचे रॉली मॅसिमिनो हे स्वभावाने परस्परांहून अगदी भिन्न होते. फेब्रुवारी १९८० मध्ये जॉर्जटाउनने सिरॅक्यूजची स्वगृहीच्या मैदानावरील सलग ५७ विजयांची मालिका खंडित केली. त्या जुन्या क्रीडागृहातील तो सिरॅक्यूजचा अखेरचा सामना होता. सामन्यानंतर थॉम्पसन यांनी ते क्रीडागृह आता अधिकृतपणे बंद झाल्याचे जाहीर करून यजमानांच्या जखमेवर मीठ चोळले. संघटनेतील पहिले खरे वैर येथून सुरू झाले, असे मानले जाते.

१९८३ पासून संघटनेची वार्षिक स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विख्यात क्रीडागृहात भरू लागली. फेब्रुवारी १९८५ मध्ये तेथेच झालेला एक साखळी सामना 'स्वेटरचा सामना' म्हणून प्रसिद्ध आहे. कार्नेसेका एक भडक नक्षीचा स्वेटर शुभशकुन म्हणून घालत असत. थॉम्पसन यांनी कोटाआड तशाच नक्षीचा सदरा घातला आणि सामन्यापूर्वी कोट उघडून तो दाखविला. प्रेक्षक हसले, परंतु अव्वल क्रमांकावरील सेंट जॉन्सला जॉर्जटाउनने ८५-६९ असे हरविले.

या हास्यविनोदाला दुसरी बाजू होती. जॉर्जटाउनचा उंचापुरा मध्यखेळाडू पॅट्रिक यूइंग यास परगावच्या मैदानांवर वर्णद्वेषी फलकांना आणि शेरेबाजीला सामोरे जावे लागे. एकदा त्याच्या दिशेने केळ्याची साल फेकण्यात आली. थॉम्पसन यांनी खेळाडूंभोवती जे कडे उभारले, त्याला अनेक वृत्तपत्रांनी उर्मटपणा म्हटले. १९८४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून थॉम्पसन हा मान मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले. या घटनेचे महत्त्व जाणून घेण्यासाठी आधीचा अपमान माहीत असणे आवश्यक आहे.

१९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ बिग ईस्टचे होते. अंतिम सामन्यात आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असे नमविले. व्हिलानोव्हाने त्या दिवशी बास्केटच्या दिशेने २८ फेकी केल्या आणि त्यांपैकी २२ यशस्वी झाल्या. चेंडू विशिष्ट सेकंदांत फेकण्याचे बंधन तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत नव्हते. त्यामुळे सावकाश खेळून नेमकी संधी साधणे त्यांना शक्य झाले.

विघटन

संघटनेच्या ऱ्हासाचे बीज बास्केटबॉलमध्ये नव्हते, ते अमेरिकन फुटबॉलमध्ये होते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण बेकायदेशीर ठरविले. विद्यापीठे आणि गट आपले हक्क स्वतः विकू लागले आणि फुटबॉलचे उत्पन्न बास्केटबॉलच्या कितीतरी पुढे गेले. बिग ईस्टमध्ये मात्र दोन प्रकारचे सदस्य होते. सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, बॉस्टन कॉलेज यांचे मोठे फुटबॉल संघ होते. प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल, जॉर्जटाउन यांच्यापाशी त्या तोडीचा संघ नव्हता. पेन स्टेट या फुटबॉलमधील बलाढ्य विद्यापीठाला प्रवेश देण्याचा प्रस्ताव १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला होता. तो निर्णय चुकला होता, असे पुढे अनेकांना वाटले.

१९९१ पासून मायामी विद्यापीठाच्या समावेशासह संघटनेने फुटबॉल स्पर्धाही सुरू केली. हा उपाय बारा-तेरा वर्षेच पुरला. २००४ मध्ये मायामी व व्हर्जिनिया टेक आणि २००५ मध्ये संस्थापक सदस्य बॉस्टन कॉलेज हे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये निघून गेले. रिकाम्या जागी लुईव्हिल, सिनसिनाटी, मार्केट आदी दूरदूरचे संघ आले. सदस्यसंख्या १६ झाली. खेळाचा दर्जा उत्तम राहिला, पण शेजारपण उरले नाही.

१६ सप्टेंबर २०११ रोजी डेव्ह गॅव्हिट यांचे निधन झाले. सिरॅक्यूज व पिट्सबर्ग संघटना सोडत असल्याचे दोनच दिवसांनी जाहीर झाले. त्यापाठोपाठ वेस्ट व्हर्जिनिया, नोत्र दाम, रटगर्स आणि लुईव्हिल यांनीही वाट धरली. डिसेंबर २०१२ मध्ये, मोठे फुटबॉल संघ नसलेल्या सात कॅथलिक संस्थांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला. वाटणीत 'बिग ईस्ट' हे नाव आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील स्पर्धा त्यांच्याकडे आली. उरलेल्या संस्थांनी 'अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स' हे नाव घेतले.

निर्मात्याची भूमिका

ज्या वाहिनीने हा माहितीपट काढला, ती या कथेतील एक पात्रही आहे. बिग ईस्ट मोठी झाली ती ईएसपीएनच्या पडद्यावर आणि सदस्यांना फोडणाऱ्या प्रतिस्पर्धी गटांना पैसा मिळत होता तोही बहुतांशी प्रक्षेपणातूनच. २०११ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या तत्कालीन क्रीडासंचालकांनी, अटलांटिक कोस्टच्या विस्ताराबाबत ईएसपीएननेच मार्गदर्शन केल्याचे विधान केले. नंतर ते विधान चुकीचे असल्याचे सांगून त्यांनी माफी मागितली. वाद तेवढ्यावर मिटला, तरी उदयाचे चित्रण भरघोस आणि फाटाफुटीचे तुलनेने आटोपशीर, हा माहितीपटाचा तोल प्रेक्षकाने ध्यानात ठेवावा.

वॉशिंग्टनमध्ये वाढलेल्या एडलमन यांनी याआधी मॅजिक जॉन्सन व लॅरी बर्ड यांच्यावर माहितीपट केला होता. खेळाच्या आडून वर्ण, शहर आणि पैसा यांचा शोध घेण्याची त्यांची पद्धत येथेही दिसते. 'ओ. जे. : मेड इन अमेरिका' या त्यांच्या पुढील कृतीस २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

नंतरच्या घडामोडी

प्रार्थना म्हटली गेली, पण मृत मानलेली संघटना उठून बसली. बटलर, क्रेटन आणि झेवियर यांना सोबत घेऊन २०१३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या बिग ईस्टमधील व्हिलानोव्हाने २०१६ व २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. कनेटिकट २०२० मध्ये परतले आणि त्याने २०२३ व २०२४ अशी सलग दोन विजेतेपदे जिंकली. २०२३ मध्येच पश्चिम किनाऱ्यावरील 'पॅक-१२' या जुन्या संघटनेच्या १२ पैकी अखेर दोनच संस्था मागे उरल्या. इतर दहांनी २०२४ च्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या गटांत प्रवेश केला.