पश्चिम भारत आणि दुरियन वृक्ष : एक टिपण

जळगावनजीक असोदा या गावाच्या शिवारात केळी आणि कपाशी ही दोन्ही पिके दृष्टीस पडतात. मलाया द्वीपसमूहातील दुरियन या वृक्षाशी या दोहोंचे नाते आहे, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. केळीची एक प्रमुख वन्य पूर्वजाती, मुसा अक्युमिनाटा, ही दुरियनच्याच आर्द्र अरण्यप्रदेशातील. आणि कपाशी तर आजच्या वर्गीकरणानुसार त्याच्याच कुळातील. काटेरी सालीमुळे आपण दुरियनची तुलना फणसाशी करू. परंतु फणसाचे कुळ निराळे आहे. केळ खानदेशात स्थिरावली आणि दुरियन आला नाही, असे का घडले, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो.

हे फळ आपल्याकडे अज्ञात होते, असे उत्तर टिकणारे नाही. पंधराव्या शतकात निकोलो कोंती या व्हेनिसच्या प्रवाशाने सुमात्राच्या वर्णनात त्याचा नावानिशी उल्लेख केला आहे. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात धोत्र्याबरोबर दुरियनचाही विचार केला. प्लिनीच्या तस्कन भाषांतरात या फळाचे नाव वाचल्याचे एका गृहस्थाने त्यास सांगितले. ओर्ताने मूळ लॅटिनशी ताडून पाहण्यासाठी तो उतारा मागितला, परंतु तो अखेरपर्यंत मिळाला नाही, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे. १५८३ मध्ये गोव्यात आलेला डच लेखक लिन्स्खोतेन हे फळ केवळ मलाक्क्यातच होते असे लिहितो. कोंतीची साक्ष पाहता हे विधान चुकीचे आहे. पण जगात यास तोड नाही, ही फळ चाखणाऱ्यांची स्तुतीही तोच नोंदवितो. तेव्हा केवळ उग्र वासामुळे फळ नाकारले गेले, हेही म्हणता येत नाही.

अंतराचे कारणही पुरेसे नाही. त्याहून कितीतरी दूरच्या ब्राझीलमधून काजू व अननस येऊन येथे रुजले. परंतु काजूची बी वाळली तरी टिकते. अननसाचे तुरे व फुटवे आणि केळीचे मुनवे प्रवास सोसतात. दुरियनची बी मात्र वाळली की काही दिवसांतच उगवणशक्ती गमावते, आणि मलाक्का ते गोवा हा शिडाच्या गलबताचा प्रवास आठवड्यांचा होता. शिवाय बीपासून वाढलेल्या झाडास फळ धरण्यास अनेक वर्षे लागतात.

रोपे जिवंत पोहोचली असती, तरी कोकणातील दीर्घ कोरडा काळ त्यांस जाचला असता; खानदेशातील उन्हाळ्याची तर गोष्टच नको. विहिरीच्या पाण्यावर केळ जगली. बारमाही दमट हवा मात्र विहिरीतून उपसता येत नाही. पुढील काळात नीलगिरीच्या दमट उतारावर, बर्लियार व कल्लार येथील सरकारी फळबागांत, दुरियनची झाडे वाढली व फळली. भारतभूमीचा त्यास सर्वस्वी विरोध नव्हता, हे यावरून दिसते.

तात्पर्य, वनस्पतींच्या प्रसाराचा इतिहास लिहिताना व्यापारमार्ग आणि प्रवासवर्णने यांवरच विसंबून भागणार नाही. बीजाचे आयुष्य व प्रदेशाचे हवामान यांचीही साक्ष घेतली पाहिजे. अन्यथा एखाद्या वृक्षाच्या अभावावरून त्या प्रदेशातील लोकांच्या अज्ञानाविषयी किंवा अभिरुचीविषयी आपण भलतेच निष्कर्ष काढू.