पिस्तूल की पिस्तुलासारखे काही?

अशी कल्पना करू. रात्री अकराचा सुमार. सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या एका व्यापाऱ्याची मोटार मोहोळच्या पुढे दोघांनी अडवली. एकाने खिडकीतून काळी, आखूड नळीची वस्तू आत रोखली आणि व्यापाऱ्याने पैशांची पिशवी मुकाट्याने देऊन टाकली. "पिस्तुलाचा धाक दाखवून लुटले," अशी फिर्याद त्याने नोंदवली. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून आपण पुढच्या बातमीकडे वळू. न्यायालयाला मात्र तसे वळता येत नाही. ते विचारते, "ते पिस्तूलच होते, हे कशावरून?"

ज्याच्या छातीवर नळी रोखली गेली, त्याला हा प्रश्न जखमेवर मीठ चोळणारा वाटेल. पण विज्ञान शिकवणाऱ्यांना तो नवा वाटू नये. व्यापाऱ्याने पाहिली ती एक वस्तू: काळी, धातूसारखी चमकणारी, पुढे नळी असलेली. हे झाले निरीक्षण. 'पिस्तूल' हा त्याने काढलेला निष्कर्ष. या दोहोंमधले अंतर कसे ओलांडायचे, हे शिकायला कायद्याला आणि विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली. त्याचीच ही हकिकत.

भीती वेगळी, शस्त्र वेगळे

१८६० च्या भारतीय दंड संहितेने जबरी चोरीची व्याख्या केली, ती भीतीच्या आधारे. चोरी करताना समोरच्याला तत्काळ मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घातली, की ती जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, तर तो दरोडा. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केली, तर चौदा वर्षांपर्यंत. येथे भीती खरी असली की पुरे. खेळण्यातल्या पिस्तुलानेही माणूस खरोखर घाबरतो.

परंतु याच संहितेत कलम ३९७ होते. जबरी चोरी किंवा दरोडा घालताना गुन्हेगाराने घातक शस्त्र वापरले, तर शिक्षा सात वर्षांहून कमी देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात हीच तरतूद कलम ३११ मध्ये आहे. म्हणजे न्यायाधीशाला एरवी असलेली मोकळीक या एका शब्दामुळे जाते. माणसाच्या आयुष्यातली सात वर्षे 'ती वस्तू काय होती' या प्रश्नाला टांगलेली असतात.

'वापरले' म्हणजे गोळी झाडलीच पाहिजे का? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिल्लीतील एका खटल्यात याचे उत्तर 'नाही' असे दिले. समोरच्याला दिसेल असे शस्त्र धरून दहशत घातली, तरी तो वापरच. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये दुसरी बाजूही स्पष्ट केली: ज्याने स्वतः शस्त्र वापरले, त्यालाच ही वाढीव शिक्षा, सोबत्याच्या हातातल्या शस्त्रासाठी इतरांना नाही.

एखादे शस्त्र घातक होते की नाही, हे केवळ झालेल्या जखमेवरूनही ठरत नाही. सोलापूरशी संबंधित एक प्रसंग पाहा. तो लुटीचा नाही, पण मुद्दा त्यातून नेमका कळतो. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. तेथील दडपशाहीने संतापलेल्या वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती हॉटसन यांच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि ते वाचले. म्हणून ते शस्त्र निरुपद्रवी होते, असे कोणी म्हणणार नाही. पाहायची असते ती शस्त्राची क्षमता. परिणाम योगायोगानेही बदलतो.

यादीकडून व्याख्येकडे

अग्निशस्त्र कशाला म्हणायचे? १८७८ च्या शस्त्र कायद्याने याचे उत्तर यादी देऊन दिले: अग्निशस्त्रे, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण, तोफा. अग्निशस्त्र म्हणजे काय, हे यादी सांगत नाही. त्या कायद्याचा रोख वस्तूपेक्षा ती कोणाच्या हातात आहे यावर अधिक होता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र सूट.

वस्तूऐवजी माणसाकडे बोट दाखवण्याची ही सवय दुसऱ्या एका कायद्यात टोकाला गेली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होईल असा केला गेला. सोलापुरात या कायद्याखाली तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि ठरल्या वेळी हजेरी देत. त्यांच्यापैकी अनेकांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांचा जन्म हाच पुरावा मानला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. 'सेटलमेंट' हे नाव मात्र सोलापूरच्या त्या भागाला अजून चिकटलेले आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा वेगळ्या विचाराने लिहिला गेला. स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या क्रियेने गोळी वा अन्य अस्त्र फेकण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदलून घेतलेले शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. ही व्याख्या कार्यावरून केलेली आहे. जीवशास्त्रात आपण इंद्रियाची ओळख त्याच्या कार्यावरून करून देतो, तशीच. शिवाय या कायद्याने काठीसारख्या घरगुती व शेतीच्या वस्तू वगळल्या. आणि जे केवळ खेळणे आहे, ज्याचे कामाचे शस्त्र बनवताच येणार नाही, तेही वगळले. व्याख्या कार्यावर आली, की परीक्षाही कार्याचीच घ्यावी लागते. येथे प्रयोगशाळेचे काम सुरू होते.

गोळी बोलू लागली

या शास्त्राची एक जुनी कथा लुटीच्याच खोट्या फिर्यादीची आहे. १८३५ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या एका घरातील नोकराने सांगितले, की चोर घुसले आणि त्यांनी आपल्यावर गोळी झाडली. तपासाला आलेल्या हेन्री गोडार्ड यांना त्या गोळीवर एक बारीक उंचवटा दिसला. त्या काळी लोक शिसे ओतून गोळ्या घरीच पाडत. नोकराच्या स्वतःच्या साच्यात तसाच दोष निघाला. चोर आलेच नव्हते!

पुढे कारखान्यात काडतुसे बनू लागली आणि साच्याचा पुरावा संपला. पण नवे पुरावे मिळाले. रायफल वा पिस्तुलाच्या नळीत मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीवर ओरखडे उठतात. काडतुसाच्या तळाशी ठिणगी देणाऱ्या मिश्रणाची बारीक टोपी असते. तिच्यावर फायरिंग पिन आपटते, तिचाही ठसा राहतो. १९२० नंतरच्या दशकात दोन नमुने शेजारी शेजारी एकाच दृष्टिक्षेत्रात दाखवणारा तुलना-सूक्ष्मदर्शक या कामी आला. १९२७ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एका पोलीस शिपायाचा खून झाला. चोरलेल्या मोटारीत सापडलेल्या रिकाम्या काडतुसाच्या तळावरील खुणांनी रिव्हॉल्व्हर ओळखून दिले. आपल्याकडे १९३० मध्ये कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमून लहानशी प्रयोगशाळा उघडली.

गावठी कट्ट्याच्या बाबतीत एक गंमत आहे. त्याची नळी बहुधा साध्या पाइपाची, आतून गुळगुळीत. त्यामुळे गोळीवर खाचांच्या खुणा उमटत नाहीत. पण त्याची पिन हाताने घासलेली, ओबडधोबड असते, आणि म्हणून तिचा ठसा एकमेवाद्वितीय असतो. उत्तर प्रदेशातील एका खुनाच्या खटल्यात घटनास्थळी मिळालेले काडतूस आरोपीच्या गावठी पिस्तुलातूनच सुटले, हे तज्ज्ञाने चाचणीच्या काडतुसांशी ताडून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला.

प्रयोगशाळेत आणि न्यायालयात

आपल्या कल्पित गुन्ह्यातील वस्तू आठ दिवसांनी आरोपीच्या घरातून जप्त झाली, असे समजू. पोलीस पंचांसमक्ष तिचा पंचनामा करतात, तिला लाखेचे सील लावतात आणि ती प्रयोगशाळेकडे पाठवतात. तज्ज्ञ तीन गोष्टी पाहतो. घोडा, चाप आणि पिन नीट काम करतात का? नळीत काडतूस बसते का? आणि चाचणीचे काडतूस खरोखर उडते का? ही गोळी पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत झाडतात, म्हणजे ती न चेपता परत मिळते. नळी पुसलेल्या कापसावर नायट्राइटचे अंश मिळाले, तर त्या नळीतून कधीतरी बार उडाला होता एवढे कळते. कोणत्या दिवशी, ते नेमके सांगता येत नाही.

अहवाल अनुकूल आला तरी साखळी पूर्ण झालेली नसते. जप्त वस्तू मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, सील शाबूत होते का, व्यापाऱ्याने पाहिली ती हीच का, हे प्रश्न उरतात. अवैध शस्त्र बाळगल्याचा खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. एक दुवा निखळला, की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

आणि वस्तू सापडलीच नाही तर? मग उरते ती केवळ साक्ष. तिच्यावर किती विसंबायचे, याबाबत आपल्या न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. गोळी झाडली गेली, भिंतीत छिद्र पडले, रिकामे काडतूस मिळाले, तर साक्षीला वस्तूंचे पाठबळ मिळते. केवळ रोखलेली नळी असेल, तर प्रश्न अवघड होतो. इंग्लंडच्या कायद्यात नकली अग्निशस्त्र बाळगून लूट करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. पण एका लुटारूने जाकिटाच्या खिशात केवळ बोट रोखून धरले होते. स्वतःचे बोट ही 'बाळगलेली वस्तू' नव्हे, असे तेथील सर्वोच्च पीठाने २००५ मध्ये ठरवले. लुटीची शिक्षा त्याला होतीच. शस्त्राची मात्र नाही.

येथे लुटल्या गेलेल्या माणसाचे म्हणणे खोटे ठरवले जात नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. त्याची भीती खरी होती आणि जबरी चोरीचा कायदा ती मानतोच. पण जास्तीची शिक्षा द्यायची, तर जास्तीचा पुरावा हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. पुरावा मुळातूनच नीट गोळा व्हावा, हा तिचा हेतू.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. एखादी वस्तू क्षणभर दाखवून झाकून ठेवावी आणि मुलांना दोन रकाने आखायला सांगावेत: 'मी काय पाहिले' आणि 'मला काय वाटले'. बहुतेक मुले पहिल्याच रकान्यात वस्तूचे नाव लिहितील. मग ते नाव खरे ठरवायला कोणती चाचणी करावी लागेल, हे त्यांनाच विचारावे. ज्या शहरात एकेकाळी जन्मावरून माणसांना दरोडेखोर ठरवून कुंपणात ठेवले, तेथील न्यायालयात आज लोखंडाच्या एका तुकड्यालाही 'तू पिस्तूल आहेस हे दाखव' असे सांगितले जाते. हा फरक मुलांच्या ध्यानात आला, तर तास सार्थकी लागला म्हणायचा.