मदात्यय आणि व्यसन : दोन संज्ञांचा इतिहास

अतिरिक्त मद्यपानाविषयी मराठीत बोलावयाचे झाले की आपण बहुधा 'व्यसन' ही एकच संज्ञा योजतो. एखादा शब्द सरसकट रूढ झाला म्हणजे त्याने कोणता दुसरा शब्द मागे सारला, याचा विसर पडतो. प्रस्तुत टिपणात दोन जुन्या संज्ञांचा मागोवा घेऊन, त्यांपैकी एक व्यवहारातून लोपल्याने मद्यविकाराच्या उपचारावर काय परिणाम झाला, याचा विचार करावयाचा आहे.

'व्यसन' हा राजनीतीतील महत्त्वाचा शब्द होय. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण 'व्यसनाधिकारिक' या नावाचे असून, राज्यावरील आपत्ती आणि पुरुषाचा दोष हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. मृगया, द्यूत, स्त्री व पान ही चार कामज व्यसने. पिणाऱ्याचे काय होते यापेक्षा राज्याचे काय होते, हा त्या शास्त्राचा प्रश्न आहे.

वैद्यकाने निराळी संज्ञा योजिली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय 'मदात्यया'स वाहिलेला आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात 'पानात्यय' येतो. चरकाने दोषांनुसार मदात्ययाचे भेद केले, मद्याचीच योग्य मात्रा उपचार म्हणून सांगितली आणि तिने गुण न आल्यास क्षीरप्रयोग सुचविला. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिपान करू लागला असता होणाऱ्या ध्वंसक व विक्षय या विकारांची तेथे स्वतंत्र नोंद आहे. पुन्हा पिऊ लागणे हा या स्थळी निंदेचा विषय नसून निदानाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठी व्यवहारात 'व्यसन' उतरले. 'मदात्यय' मात्र वैद्यांच्या पोथीत राहिला. याच भाषेने फार्सीतून 'दारू' घेतला, ज्याचा मूळ अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अद्याप शिल्लक आहे. 'दारूगोळ्या'त तो स्फोटक झाला आणि एरवी मद्यवाचक.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न सार्वजनिक झाला तोही व्यसन म्हणूनच. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य हे सरकारी उत्पन्नाचे साधन म्हणून अधिक पक्के झाले. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला. 1908 मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दुकानांपुढे निरोधने झाली. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, 1919 मध्ये, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकरापुढे शपथ हाच मार्ग आहे. शपथ मोडली की उरतो तो अधःपात. ही नाटककाराची उणीव नव्हे. त्या काळच्या समाजापाशी याहून वेगळा मार्ग नव्हता.

युरोपातही आधी नाव बदलावे लागले. 1804 मध्ये ट्रॉटर या वैद्याने मद्यासक्तीस मनाचा रोग म्हटले. 1849 मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस याने 'अल्कोहोलिझम' ही संज्ञा रूढ केली. 1935 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मद्यपीडितांचीच परस्परसाहाय्याची चळवळ उभी राहिली. 1964 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने जुन्या संज्ञांऐवजी 'अवलंबित्व' या अर्थाची संज्ञा सुचविली. दोषाच्या जागी अवस्था आली, आणि अवस्थेवर उपचार संभवतो.

आपल्याकडे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने प्रश्न मुख्यतः गुन्ह्याच्या कक्षेत नेला. आरोग्याच्या कारणास्तव परवान्याची सोय मात्र राहिली. 'दारू'चा फार्सी अर्थ जणू सरकारी कागदावर परत आला, परंतु पिणाऱ्याच्या रोगावर औषध म्हणून नव्हे. उपचाराची संस्थात्मक वाट अधिक ठळक झाली ती पुढे. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे त्यास साहाय्य होते. 'व्यसनमुक्ती' या सामासिक शब्दात जुनी संज्ञा कायम राहिली, पण तिला उपचारगृहाचे दार मिळाले.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. दीर्घकाळ अतिपान करणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास झटके, भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. आजचा वैद्य अशा वेळी मद्य देत नाही. अन्य औषधे उतरत्या मात्रेने देतो. म्हणून 'मनात आणले तर आज सुटेल' असे सांगून रोग्यास घरात कोंडणे हे शिस्तीचे नव्हे, धोक्याचे कृत्य आहे. व्यसन म्हटले की कुटुंब लाजेने दडवते. रोग म्हटले की वैद्याकडे नेते. मधल्या काळात वर्षे जातात.

आपल्या बोलीला याची जाण आहे. 'दारू सोडली' यात कर्ता मनुष्य आहे. 'दारू सुटत नाही' यात तो कर्तेपणावरून दूर झाला आहे. आणि 'दारूच्या आहारी गेला' यात तो भक्ष्यच ठरला आहे. व्याकरणाने केलेला हा भेद वैद्यकास मान्य आहे, नीतीस मात्र कष्टाने पटतो. 'सुटत नाही' असे म्हणणारा सबब सांगत नसून लक्षण सांगत असतो, एवढे ऐकणाऱ्याने मानले तरी उपचाराचा आरंभ झाला असे म्हणता येईल. पुढे 'सोडणे' हे क्रियापद त्याच्या स्वाधीन होण्यास वैद्य, कुटुंब व सहपीडित या तिघांचेही साहाय्य लागते. 'मदात्यय' हा शब्द आज पुन्हा रूढ होईल असे नाही. त्यामागील दृष्टी मात्र परत आणणे अवघड नाही, कारण ती आपल्याच परंपरेतील आहे.