संघाला नाव गावाचे

“गुरुजी, जपानात गावाच्या टीमा असतात म्हनते. मंग आपल्या इंझोरीची काऊन नाही?” सातवीतल्या एका पोराचा हा प्रश्न. मी फुटबॉलमधला जाणकार नव्हे, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर; पण प्रश्न चार दिवस पाठ सोडीना.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे मुंबई. तेथे 1891 साली रोव्हर्स चषक सुरू झाला. तो बहुधा गोऱ्या पलटणीच जिंकीत. पहिला हिंदी विजेता उजाडायला 1937 साल यावे लागले. पुढे मफतलाल, टाटा, ऑर्के मिल अशी नावे मैदानात आली. खेळाडूला पगार मिळे तो नोकरीचा, खेळाचा नव्हे.

जपानातही हेच होते. 1965 साली सुरू झालेल्या त्यांच्या साखळीत फुरुकावा, मित्सुबिशी, हिताची, यानमार असे कारखान्यांचेच संघ होते. आधी, 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, आपण जपानला 2-0 असे हरवून सुवर्णपदकही आणले होते! पण 1968 साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये याच नोकरदार जपान्यांनी कांस्यपदक मिळविले.

खरा फरक 1993 साली पडला. नवी धंदेवाईक साखळी दहा संघांनी सुरू झाली, आणि तिचे अध्यक्ष कावाबुची (तेही मूळचे फुरुकावाचेच खेळाडू) यांनी हट्ट धरला, की संघाला नाव गावाचे, कंपनीचे नाही. योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्राच्या मालकांशी त्यावरून मोठे भांडण झाले, पण कावाबुची हटले नाहीत. काशिमासारख्या आडगावाला छपराचे मैदान बांधण्याची अट घातली गेली. गावाने ते बांधले, आणि ब्राझीलचा झिको त्या गावासाठी खेळला.

इंग्लंडात 1888 साली बारा संघांची साखळी निघाली, तेव्हा प्रेस्टन, बर्नली ही गिरणगावांची नावे आधीच संघांना होती. तेथे गाव आपसूक आले. जपानला ते नियम करून आणावे लागले. आपली 2014 ची साखळी अमेरिकी वळणाची, मालकांनी संघ विकत घेण्याची. खाली उतरण्याची भीतीच बराच काळ नव्हती, म्हणून वर चढण्याची वाटही बराच काळ नव्हती. जपानात आज तीन पायऱ्यांवर साठ संघ आहेत.

पण कसोटी संकटात लागते. मुंबईचा महिंद्र संघ 1962 साली जन्मला, 2005-06 मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि 2010 साली मालकांनी मिटला. त्याच संघातून खेळलेला जपानात जन्मलेला इझुमी अराता पुढे पुण्याकडून खेळला आणि 2012 साली भारतीय नागरिक झाला. देश मिळाला, संघ मात्र गेला. योकोहामाच्या फ्ल्यूगल्स संघाचेही 1998 साली तेच झाले. एका आश्रयदात्या कंपनीने हात काढला आणि संघ शेजारच्या संघात विलीन करण्याचे ठरले. त्या खेळाडूंनी 1 जानेवारी 1999 रोजी सम्राट चषक जिंकला आणि मगच संघ मिटला. पण तेथल्या चाहत्यांनी पैसे जमवून योकोहामा एफसी हा नवा संघ काढला, आणि 2007 साली तो वरच्या पायरीवर चढला. महिंद्रसाठी कोणी तसे केले नाही. का करावे? नाव कोणाचे होते?

हे मी त्या पोराला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या मागल्या पानावर ‘इंझोरी’ असे लिहून खाली दहा नावे मांडली होती. गोलरक्षक व्हायला कोणी तयार नव्हते.