एक दशांशाची मर्यादा : मोबाइल टॉवरचा भारतीय नियम कसा घडला

१ सप्टेंबर २०१२ रोजी भारतातील मोबाइल टॉवरच्या प्रारणाची मर्यादा एकाच दिवसात दहापट कठोर झाली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ४.५ वॅट चालत असे, ते ०.४५ वर आले. १८०० मेगाहर्ट्झला ९ ऐवजी ०.९. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नव्हता. तो कुठून आला, याचा हा थ्रेड.

जुन्या मर्यादेमागे उष्णतेचा हिशेब होता. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद रेडिओलहरींत नसते. त्या पेशींना तापवतात. १९५३ साली हर्मन श्वान यांनी अमेरिकी नौदलाला चौरस सेंटिमीटरमागे १० मिलिवॅट ही मर्यादा सुचवली. काळजी रडारजवळ काम करणाऱ्यांची होती. सोव्हिएत संघाने त्याच दशकाच्या अखेरीस हजारपट कमी मर्यादा स्वीकारली. म्हणजे रेघ कुठे ओढायची, यावर एकमत आरंभापासूनच नव्हते.

१९९८ मध्ये ‘इकनर्प’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने नवा हिशेब मांडला. शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट शोषले गेले की प्राण्यांचे वर्तन बदलते. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, सामान्य नागरिकांसाठी. भारताने २००८ मध्ये हीच चौकट घेतली.

मग मुंबई अस्वस्थ झाली. इमारतींच्या गच्च्या भाड्याने गेल्या होत्या. भाडे एका सोसायटीला मिळे आणि अँटेना समोरच्या सोसायटीच्या खिडकीकडे रोखलेला असे. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या धोक्यांविषयी अहवाल दिला. मलबार हिलवर सह्याद्री अतिथिगृहावरील अँटेनांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला. पक्षी आणि मधमाश्यांवरील परिणाम तपासण्यासाठी पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नेमलेल्या गटाचे प्रमुखही मुंबईचेच : बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी.

त्याच महिन्यात नेमलेल्या आंतरमंत्रालयीन समितीने जानेवारी २०११ मध्ये शिफारस केली : टॉवरची मर्यादा एक दशांश करा. ही खबरदारी होती. लोकांची भीती खरी होती आणि शासनाला तिचे उत्तर द्यावे लागले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र त्या भीतीची नजर जवळजवळ पूर्णपणे टॉवरवर खिळलेली होती.

३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात टाकले. त्या गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, म्हणून पुष्कळ थट्टा झाली. थट्टेत मुद्दा हरवला : मर्यादित का होईना, जो पुरावा संस्थेला दिसला तो कानाला फोन लावणाऱ्यांविषयीचा होता. परिसरातील लहरींविषयीचा पुरावा तिने अपुरा ठरवला होता.

इथे मुंबई सोडून राहुरीसारख्या तालुक्याकडे पाहावे लागते. मुळा धरणाच्या लाभक्षेत्रात, उसाच्या फडांमध्ये वस्त्या विखुरलेल्या आहेत. टॉवर जितका दूर, तितका फोन जोर लावतो. जीएसएम फोन ९०० मेगाहर्ट्झवर टॉवरपाशी काही मिलिवॅटवर भागवतो, तर दुबळ्या सिग्नलमध्ये त्याची शक्ती २ वॅटच्या शिखरापर्यंत चढते. एक स्पंद आणि सात विराम असल्याने सरासरी याच्या आठव्या हिश्शाएवढी पडते, तरीही फरक प्रचंड राहतो. टॉवर गावाबाहेर घालवला की गावातल्या प्रत्येक कानाजवळचा फोन अधिक तापतो, हे आंदोलनांच्या पत्रकांत क्वचितच येई.

समितीने फोनकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी १० ग्रॅम पेशींवर सरासरी काढून किलोमागे २ वॅट ही हँडसेटची मर्यादा होती. ती १ ग्रॅमवर १.६ झाली. जुने हँडसेट ३१ ऑगस्ट २०१३ पर्यंत चालवून घेतले गेले. वर्तमानपत्रांचे मथळे टॉवरला मिळाले आणि हा बदल आतल्या पानांवर राहिला. अनेक फोनांवर *#०७# दाबले की हा आकडा आजही दिसतो. तो कमाल शक्तीवर मोजलेला असतो, म्हणून मलबार हिलवर आणि राहुरीच्या वस्तीवर एकाच फोनचा आकडा सारखाच दिसतो. प्रत्यक्ष शोषण मात्र वस्तीवर बहुधा कितीतरी जास्त असते.