‘स्विम ब्लॅडर गेलाय’: एका निदानाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग माशांवर आहे. खायच्या माशांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धी मंडळी सुरमईच्या आशेने शेवटपर्यंत ऐकत बसतील.

तर झालं असं. बाबा रिटायर झाल्यावर त्यांनी नाशिकच्या घरामागे एक हौद बांधून घेतला. चार हजार लिटरचा. वेड आधीपासूनचं. पुण्यात माझ्याकडे आले की ते पु. ल. देशपांडे उद्यानात तास तास काढायचे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली ही बाग. तिथून डोक्यात शिरलेल्या कोई कार्प शेवटी आमच्या हौदात आल्या. पाच. त्यातली लाल-पांढरी सगळ्यात धीट, तिला बाबा केशर म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत केशर तळाला बसली. एका कुशीवर. जोर लावून शेपूट मारायची, फूटभर वर यायची आणि दगडासारखी परत खाली. मी व्हिडिओ काढून मासेवाल्या दुकानदाराला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘स्विम ब्लॅडर गेलाय. पावडर देतो ती टाका, दोन दिवस उपाशी ठेवा, मग मटार उकडून, सोलून द्या.’ ती पावडर म्हणजे अँटिबायोटिक. आम्ही सगळं तंतोतंत केलं. बाबा सकाळच्या गारठ्यात स्वेटर घालून मटार सोलत बसायचे. नवव्या दिवशी केशर गेली. आणि चार दिवसांनी दुसरी, तपकिरी रंगाची चागोई, तशीच तळाला जाऊन बसली.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. रात्री दोनला फोन येतो, ‘साइट बंद आहे’. ते काही कारण नसतं, ती फक्त दिसलेली गोष्ट असते. मला शंका आली की ‘स्विम ब्लॅडर गेलाय’ हे तसंच वाक्य असावं. त्या शंकेपोटी जे वाचत गेलो, तो आजचा भाग.

आधी हा अवयव समजून घेऊ. मराठीत याला वाताशय म्हणतात, साधं म्हणजे हवेची पिशवी. कोळीवाड्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, ते याला बोत म्हणतात. घोळ माशाचा बोत एवढा महाग जातो की २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराला एका फेरीतल्या घोळीचे कोटीच्या वर पैसे मिळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तीच ही पिशवी.

ती नेमकं काय करते, हा प्रश्न इटलीतल्या जोव्हान्नी बोरेलीने गंभीरपणे घेतला. त्याचं प्राण्यांच्या हालचालींवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६८० मध्ये छापायला लागलं. त्यात एक प्रयोग आहे. निर्वात पोकळीत ठेवलेल्या माशाची पिशवी आतल्या हवेने फुगून फुटली. मग त्याला तळ्यात सोडलं, तर तो महिनाभर जगला, पण वर कधीच येऊ शकला नाही. तळावर सरपटत राहिला. हे वाचताना मी थांबलो. केशर डोळ्यांसमोर आली.

बोरेलीला वाटलं की मासा स्नायूंनी पिशवी दाबतो आणि खाली जातो, सैल सोडतो आणि वर येतो. पाणबुडीच्या टाकीसारखं. ऐकायला इतकं पटतं की जवळपास दोनशे वर्षं लोक हेच धरून चालले. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये आर्मां मोरो याने माशांच्या आकारमानातले बदल मोजले आणि दाखवलं की मासा पिशवीला असा हुकूम सोडत नाही. खोल गेलं की पाण्याच्या दाबाने ती आपोआप आकसते, वर आलं की फुगते. हवा कमी-जास्त करणं मासा करतो, पण सावकाश. वर-खाली जायचं काम परांचं आणि शेपटीचं. म्हणजे पिशवी तोल राखते, गाडी चालवत नाही. आता विचार करा: जो मासा अशक्त झालाय, ज्याला श्वास पुरत नाही, तोही तळालाच बसणार. पिशवी धडधाकट असली तरी.

कार्पच्या घराण्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, पिशवीचे दोन कप्पे असतात आणि एक बारीक नळी तिला अन्ननलिकेशी जोडते. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतं, तेव्हा ती पहिल्यांदा भरते. दुसरी गोष्ट १८२० मध्ये जर्मनीत एर्न्स्ट वेबर याने मांडली: पुढच्या कप्प्यापासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी आहे. म्हणजे ही पिशवी कानाच्या पडद्याचंही काम करते. बाबांच्या चपलांचा आवाज झाला की पाचही जणी कडेला यायच्या. आम्ही कौतुक करायचो, ‘बघा, ओळखतात!’ ते ऐकणं याच पिशवीतून चालायचं.

आता कोईकडे. जपानच्या निइगाता भागात यामाकोशी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ. तिथले शेतकरी पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांवरच्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात रंगीत पिल्लं निघाली, ती कोणीतरी खाल्ली नाहीत, बाजूला ठेवली. बास, तिथून सुरुवात. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि देशभर त्यांचं नाव झालं. मला यात महत्त्वाची वाटते ती त्यांची पद्धत. उन्हाळाभर मासे मातीच्या तळ्यात मोकळे, आणि शरद ऋतू आला की काढून आत, छपराखाली. थंडीचं पाणी हा धोका आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. आमच्या हौदावर छप्पर सोडा, जाळीसुद्धा नव्हती.

पण या विषयातली खरी रहस्यकथा जपानमध्ये घडली नाही. ती घडली मध्य आणि पूर्व युरोपात, आणि रंगीत नव्हे तर ताटातल्या कार्पच्या बाबतीत. आपल्याकडे शेततळ्यात कटला-रोहूबरोबर सोडतात तो सायप्रिनस, तोच हा. कोई त्याचीच सख्खी भावंडं, रोगही बरेचसे सामाईक. चेक लोकांकडे नाताळच्या जेवणात कार्प लागतोच लागतो. तिथला रोझम्बर्क तलाव कार्पसाठी १५८४ ते १५९० मध्ये बांधलाय, म्हणजे आपल्याकडे अजून शहाजीराजांचाही जन्म झाला नव्हता. अशा ठिकाणी मासा मेला की माणसाचं पोट मारलं जातं.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या तळ्यांत पिल्लांना एक आजार दिसू लागला. पिशवीची भिंत जाड, लालसर, रक्ताळलेली. मागचा कप्पा आकसलेला, कधी हवेच्या जागी पाणी. पिल्लं डोकं खाली करून पोहायची, कुशीवर पडायची, आणि वाचली तर हिवाळ्यात मरायची. नाव पडलं ‘वाताशयाचा दाह’. बघा, नावातच गोची आहे. कुठे सुजलंय ते सांगितलं, का सुजलंय ते नाही. पण एकदा नाव पडलं की लोकांना वाटतं निदान झालं.

पहिला संशय जिवाणूंवर, कारण सुजलेल्या पिशवीत जिवाणू सापडायचे. मग अँटिबायोटिक. आणि फसवणूक अशी की त्याने कधी कधी फरकही पडायचा. दुखावलेल्या जागी जिवाणू मागाहून शिरतात, औषध त्यांना मारतं, मासा थोडा सावरतो. अर्धं चालणारं औषध हे अजिबात न चालणाऱ्या औषधापेक्षा वाईट, कारण मग पुढे कोणी शोधत नाही. आमच्याकडे कोडमध्येही हेच होतं. सर्व्हर रीस्टार्ट केला की चालतो ना, मग कोण खोलात जातं?

दुसरा संशय विषाणूवर. १९७१ मध्ये युगोस्लाव्हियात निकोला फियान आणि सहकाऱ्यांनी कार्पच्या पोटात पाणी होणाऱ्या रोगात एक विषाणू वेगळा काढला. १९७३ मध्ये जर्मनीत बाखमान आणि आने यांनी पिशवीच्या दाहातून विषाणू काढला. सगळ्यांना वाटलं, सापडला. पुढे तुलना केली तर दोन्ही विषाणू एकच निघाले. तो खराच घातक आहे, पिशवीही सुजवतो, वसंतात साथ आणतो. पण उन्हाळ्यात पिल्लांमध्ये येणाऱ्या साथीचा हिशेब त्याने लागत नव्हता.

मग हंगेरी. १९७६ मध्ये ग्योर्गी चाबा या संशोधकाने कार्पच्या रक्तात काहीतरी वळवळताना पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली सतत हलणाऱ्या, पोटात आणखी पेशी घेऊन फिरणाऱ्या पेशी. त्याने प्रामाणिकपणे शीर्षकातच लिहिलं की हा परजीवी ओळखता येत नाही. मला हे फार आवडलं. आपण ‘अननोन एरर’ लिहितो तेव्हा लाज वाटते, या माणसाने त्याचा शोधनिबंध केला.

पुढची काही वर्षं तुकडे जुळत गेले. पिशवीच्या भिंतीत वाढणारा एक परजीवी दिसला. १९८२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात दिकोवा आणि लोम यांनी कार्पच्या मूत्रपिंडातल्या एका परजीवीचं वर्णन करून त्याला ‘स्फेरोस्पोरा रेनिकोला’ नाव दिलं. आणि १९८४ मध्ये चाबा, मोल्नार वगैरे हंगेरियन मंडळींनी मांडलं की रक्तातला, पिशवीतला आणि मूत्रपिंडातला हे एकाच जिवाचे तीन मुक्काम असावेत. लक्षण पिशवीत, मुळाचं शेवटचं टोक मूत्रपिंडात! ज्या अवयवाचं नाव रोगाला दिलं, तो वाटेतला थांबा होता. १९८७ मध्ये मोल्नार यांच्या गटाने त्यावर फ्युमॅजिलिन हे औषध लागू पडत असल्याचं दाखवलं. गंमत म्हणजे हे औषध मूळचं मधमाशा पाळणाऱ्यांचं, पोळ्यातल्या नोसेमा रोगावरचं.

मग मटार कुठून आले? ते गोल्डफिशकडून. शोभेच्या गोल्डफिशला माणसाने इतका गोलमटोल केलाय की आतडी आणि पिशवी एकमेकांना चेपतात. कोरडं खाणं फुगलं, पोट अडलं, की मासा उलटा तरंगतो. तिथे उपास आणि मटार यांना काही अर्थ आहे. कोईचं अंग लांब, त्यांच्या बाबतीत ही अडचण क्वचित. पण सल्ला एका माशाकडून दुसऱ्याकडे आला, कारण दोघांच्या दुखण्याचं नाव एकच.

आता आमच्या हौदाकडे. चागोई तळाला होती आणि मी रत्नागिरीला फिशरीज शिकलेल्या एका मैत्रिणीला फोन केला. तिने पिशवीचं नावही काढलं नाही. विचारलं, ‘अमोनिया किती? नायट्राइट किती? फिल्टर चोवीस तास चालू असतो ना?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं किट आणून मिळाली. नायट्राइटच्या नळीतला रंग गडद जांभळा झाला. तिसऱ्याचं उत्तर मला किट न आणताच माहीत होतं. दिवाळीत मी बाबांना एक स्मार्ट प्लग आणून दिला होता आणि लाइट बिल वाचावं म्हणून मीच टायमर लावला होता. रात्री अकरा ते सकाळी सहा, पंप बंद. फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू वाहत्या, हवेशीर पाण्यावर जगतात. एक तर थंडीने ते मंदावलेले, त्यात रोज सात तास त्यांचा श्वास कोंडलेला. त्यावर आम्ही अँटिबायोटिक ओतलं. म्हणजे उरलेसुरले जिवाणूही आमच्याच हाताने गेले.

बाबांना सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन मीठ आणायला गेले.

औषध बंद. खाणं बंद. पंप आणि एअर स्टोन अखंड चालू. रोज पाव हौद पाणी बदल, अँटिक्लोरीन टाकून. आणि बारा किलो खडे मीठ, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत विरघळवून. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच हिशेबाने मीठ परत. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून. वरून ताडपत्री, पण कडा उघड्या. अकराव्या दिवशी सकाळी चागोई मधल्या पाण्यात होती.

तुमच्याकडे कोणाची कोई अशी पडली, तर आधी पाणी मोजा. पाणी चांगलं निघालं तर जनावरांच्या डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारा. पिशवीतली हवा एक्स-रेत स्वच्छ दिसते. कप्पा आकसलाय, पाणी भरलंय की कणाच दुखावलाय, हे त्यातून कळू शकतं. हवा जास्त झाली असेल तर डॉक्टर सुईने काढतात. ते घरी करू नका.

केशरला आम्ही न उघडताच लिंबाच्या झाडाखाली पुरलं. हौदात आता चौघी आहेत. चागोई अजून जराशी तिरकी पोहते. बाबा मटार अजूनही सोलतात, पण आता नुसता खाऊ म्हणून.